'स्ट्रेस हार्मोन पॅकेज': डिप्रेशनसोबत बॉर्डरलाइन असेल तर पैसे घालावेत का?

घोडबंदर रोडपासून वाशी-ऐरोलीपर्यंत घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबच्या यादीत हल्ली 'स्ट्रेस आणि इन्फ्लमेशन' अशा नावाची पॅकेजेस दिसतात. आत साधारण हेच असतं: सकाळचं कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन), एचएस-सीआरपी (शरीरातला दाह, म्हणजे इन्फ्लमेशन, दाखवणारं प्रथिन), कधी आयएल-6 (दाहाचा इशारा देणारं प्रथिन), आणि जोडीला टीएसएच (थायरॉइडची टेस्ट), बी12, डी व्हिटॅमिन, सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन). हा रिव्ह्यू एका लॅबचा नसून या प्रकारच्या पॅकेजचा आहे, आणि तोही डिप्रेशनसोबत बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (भावना आणि नाती सतत टोकाला हेलकावणारा मानसिक आजार) असलेल्या पेशंटच्या बाजूने. रेटिंग 5 पैकी 2. ते दोन गुण जोडीला टाकलेल्या साध्या टेस्टचे.

कॉर्टिसॉलपासून सुरू करू, कारण पॅकेज त्याच्याच नावावर खपतं. उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते सगळ्यात वर जातं आणि उतरत उतरत मध्यरात्रीच्या सुमाराला तळ गाठतं. म्हणून रक्त आठच्या आसपास द्यायचं. घरपोच स्लॉट मात्र बरेचदा सकाळभराचा असतो. साडेदहाला घेतलेलं रक्त आठच्या रेंजशी ताडलं की आकडा 'कमी' दिसतो आणि कुणीतरी 'अ‍ॅड्रिनल थकल्या' (कॉर्टिसॉल बनवणाऱ्या ग्रंथी दमल्या) म्हणून मोकळं होतं. असं निदान एंडोक्रिनॉलॉजीत मान्यच नाही. ऐरोली-महापेला नाइट शिफ्ट करणाऱ्याचं तर घड्याळच सरकलेलं असतं. त्याच्या आठच्या सॅम्पलवरून काही ठरवता येत नाही. सुईची धास्ती घेतलेल्याचं कॉर्टिसॉल बेल वाजताच चढायला लागतं.

गोळ्यांचं कुणी नीट विचारत नाही, आणि खरा घोळ तिथे होतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी कॉर्टिसॉलला बांधून ठेवणारं प्रथिन वाढतं, त्यामुळे एकूण आकडा फुगतो. दम्याचा स्टिरॉइड पंप, त्वचेवरचं स्टिरॉइड मलम यांनी तो दबू शकतो. केसांसाठीच्या बायोटिनमुळे काही मशीनवर आकडाच चुकीचा येतो. ते दोन-तीन दिवस आधी थांबवावं. डॉक्टरांनी लिहिलेली कुठलीही गोळी मात्र टेस्टसाठी आपल्या मनाने बंद करू नये.

एचएस-सीआरपी 1 च्या खाली कमी, 3 च्या वर जास्त, एकक मिलिग्रॅम प्रति लिटर. 10 च्या वर गेलं तर आधी सर्दी-ताप, दाढ, लघवीचं इन्फेक्शन शोधायचं आणि बरं वाटल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा करायचं. वाढलेलं वजन, सिगारेट, सुजलेल्या हिरड्या यांनीही ते वर राहतं. आयएल-6 ला वेगळे पैसे देऊ नका. सीआरपी यकृतात बनतं ते मुख्यतः आयएल-6 च्याच इशाऱ्यावर, आणि आयएल-6 चं सॅम्पल लवकर लॅबच्या मशीनमध्ये गरगरा फिरवून (रक्तातला द्रव वेगळा करून) गार ठेवावं लागतं. बाइकच्या डिक्कीत तीन घरं फिरलेल्या ट्यूबवर भरवसा कसा ठेवायचा?

यामागचं विज्ञान खोटं नाही. एरवी कॉर्टिसॉल दाह आवरतं. ताण वर्षानुवर्षं राहिला की पेशी त्याचं ऐकेनाशा होतात, मग कॉर्टिसॉल असूनही दाह धुमसत राहतो. 2013 मध्ये, औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनच्या 60 पेशंटवर इन्फ्लिक्सिमॅब हे दाह रोखणारं औषध वापरून पाहिलं. सरसकट फायदा दिसला नाही. सीआरपी 5 च्या वर असलेल्यांकडे मात्र सुधारणेचा कल दिसला. पण हे अजून संशोधनातच आहे, त्यावर कुणाचं प्रिस्क्रिप्शन बेतत नाहीत.

बॉर्डरलाइनमध्ये तर निष्कर्ष एका दिशेलाही जात नाहीत. काही गटांत कॉर्टिसॉल जास्त, काहींत कमी, ताण दिल्यावर बरेचदा अपेक्षेपेक्षा थंड प्रतिसाद. सोबतचं डिप्रेशन एकीकडे ओढतं, लहानपणच्या आघातातून आलेला पीटीएसडी (आघातानंतर मागे राहणारा ताणाचा आजार) दुसरीकडे. या ओढाताणीत आकडा मधोमध 'नॉर्मल' येऊ शकतो.

आणि तो नॉर्मल रिपोर्ट घरात फार दुखवतो. "सगळं नॉर्मल आहे की गं, मग ही नाटकं कशाला?" हे वाक्य हातावर ताजे व्रण असलेल्या मुलीला ऐकवलं जातं. आईवडिलांनो, बॉर्डरलाइनचं निदान रक्तात होतच नाही. ते नऊ लक्षणांपैकी किमान पाच बघून, सविस्तर बोलून होतं. आकडा ठळक 'एच' (हाय, म्हणजे जास्त) आला तर दुसरा धोका: 'कॉर्टिसॉल उतरवणाऱ्या' अश्वगंधाच्या कॅप्सूल. त्यांनी थायरॉइडचे आकडे हलतात, यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

तेव्हा टीएसएच, बी12, सीबीसी सुट्या करून घ्या. थायरॉइड, बी12 किंवा हिमोग्लोबिन कमी असेल तर थकवा-उदासी वाढते आणि त्यावर उपचार आहेत. उरलेले पैसे डायलेक्टिकल बिहेविअर थेरपीकडे (डीबीटी, म्हणजे भावना सावरायची कौशल्यं शिकवणारी बोलण्यातून होणारी उपचारपद्धत) वळवा: आठवड्याला एक वैयक्तिक सेशन, एक कौशल्यांचा गट, साधारण वर्षभर. विचारताना "डीबीटीचा स्किल्स ग्रुप चालतो का?" असंच विचारा, नुसतं "काउन्सेलिंग आहे का" विचारलं तर उत्तर नेहमी 'हो' येतं. खर्च झेपत नसेल तर ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला तर टेलीमानस ही सरकारी हेल्पलाइन, 14416, मराठीतूनही बोलतात.

डॉक्टरांनीच कॉर्टिसॉल सांगितलं असेल, तर फॉर्मवर तीन गोष्टी स्वतः लिहा: किती वाजता उठलात, सुई किती वाजता लागली, कुठल्या गोळ्या चालू आहेत.