एका पडद्यावर चार टेबलं: विंडोज, मॅक की लिनक्स?

मी घरून भाषांतराचं काम करते. चौदा इंची लॅपटॉपवर मूळ मजकूर, माझा मसुदा, शब्दकोशांचे टॅब, ईमेल आणि व्हॉट्सॲप एकमेकांवर चढले की हवी ती विंडो शोधण्यातच निम्मा जीव जातो. दुसरा मॉनिटर घेण्याआधी व्हर्च्युअल डेस्कटॉप जरूर वापरून पाहा. पडदा तोच, पण त्यावर आलटून पालटून येणारी वेगवेगळी टेबलं, आणि खर्च शून्य. कल्पना जुनीच आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९८६ सालीच ती 'रूम्स' या नावाने करून पाहिली होती.

निवड करताना मी एकच गोष्ट बघते: जागा पक्की राहते का? मिसळणाच्या डब्यात मोहरी कुठल्या वाटीत आहे हे फोडणी करताना कुणी बघत नाही, हात आपसूक जातो. ईमेल कधी दुसऱ्या तर कधी चौथ्या डेस्कटॉपवर सापडत असेल, तर आधीचा पसारा बरा होता असंच वाटेल.

विंडोजमध्ये ही सोय २०१५ साली विंडोज १० बरोबर आली. विंडोज-की, कंट्रोल आणि डी एकत्र दाबलं की नवा डेस्कटॉप उघडतो. डी ऐवजी डावा-उजवा बाण दाबला की शेजारच्यावर जाता येतं. क्रम तुम्ही लावाल तसाच राहतो, डेस्कटॉपला नाव देता येतं, आणि विंडोज ११ मध्ये प्रत्येकाला वेगळा वॉलपेपरही लावता येतो. हे वॉलपेपर मला फार उपयोगी पडले. हिरवा रंग दिसला की भाषांतर, राखाडी दिसला की बिलं आणि पत्रव्यवहार, हे डोळ्यांना वाचल्याशिवाय कळतं. उणीव अशी की उघडी विंडो दुसऱ्या डेस्कटॉपवर हलवायला तयार शॉर्टकट नाही. विंडोज-की आणि टॅब दाबून सगळं समोर आणायचं आणि माउसने ओढून न्यायचं. कीबोर्डवरून थेट चौथ्या डेस्कटॉपवर उडीही मारता येत नाही, बाणाने एकेक ओलांडत जावं लागतं. तीन डेस्कटॉपपर्यंत हे खटकत नाही, पाच-सहा झाले की वैताग येतो. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला की डेस्कटॉप तसेच असतात, पण कुठला प्रोग्राम कुठे होता ते विसरलेलं असतं. रोज सकाळी मांडणी नव्याने करायची तयारी हवी.

मॅकवर यांना 'स्पेसेस' म्हणतात. २००७ साली ते आले आणि आज १६ पर्यंत करता येतात. ट्रॅकपॅडवर बोटं सरकवून एका टेबलावरून दुसऱ्यावर जाणं इतकं गुळगुळीत मला दुसरीकडे कुठे आढळलं नाही. पण मॅक मुळात जागा पक्की ठेवत नाही! नुकत्याच वापरलेल्या स्पेसप्रमाणे क्रम आपोआप बदलण्याची सोय आधीपासूनच चालू असते. सेटिंग्जमधल्या 'डेस्कटॉप अँड डॉक' भागात जाऊन ती पहिल्याच दिवशी बंद करा. मग डॉकमधल्या (ॲपच्या चिन्हांच्या पट्टीतल्या) ॲपवर उजवी क्लिक करून ते कायमचं एखाद्या स्पेसला नेमून द्या. शेवटी कीबोर्डच्या शॉर्टकटमध्ये कंट्रोल आणि अंक ही जोडी चालू करा, म्हणजे थेट हव्या त्या स्पेसवर जाता येईल. एवढं केलं की मॅक विंडोजच्या पुढे जातो. नाव मात्र देता येत नाही, 'डेस्कटॉप १', 'डेस्कटॉप २' एवढंच.

लिनक्स या संगणक प्रणालीत पडद्याची मांडणी सांभाळणारी दोन मोठी घराणी आहेत, ग्नोम आणि केडीई प्लाझ्मा. ग्नोम गरजेप्रमाणे डेस्कटॉप वाढवतो आणि मधला रिकामा झाला की काढून टाकतो, त्यामुळे पुढच्यांचे क्रमांक सरकतात. सेटिंग्जमध्ये संख्या ठरवून दिली की हे थांबतं. सुपर-की (म्हणजे विंडोज-कीच), शिफ्ट आणि पेज-डाउन दाबून विंडो सोबत घेऊन पुढे जाता येतं, ही सोय विंडोजवर मला रोज आठवते. केडीई प्लाझ्मा माझ्या कसोटीला सर्वांत जास्त उतरतो. भरपूर डेस्कटॉप, प्रत्येकाला नाव, कंट्रोल आणि एफ२ दाबलं की थेट दुसऱ्यावर, आणि अमुक प्रोग्राम नेहमी अमुक डेस्कटॉपवरच उघडावा असा नियमही लिहून ठेवता येतो. ज्यांच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढत नाही (विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला) त्यांनी हा पर्याय मनावर घ्यावा.

पुढेमागे मॉनिटर जोडणार असाल तर एक फरक लक्षात ठेवा. विंडोजवर डेस्कटॉप बदलला की दोन्ही पडदे एकदम बदलतात. मॅकवर प्रत्येक पडद्याचे स्पेस वेगळे राहतात, म्हणजे एकीकडे शब्दकोश तसाच ठेवून दुसरीकडे काम बदलता येतं. ग्नोममध्ये मूळ मांडणीत फक्त मुख्य पडदा बदलतो.

डेस्कटॉप वाढवल्याने लॅपटॉप मंदावतो का, असं बरेचजण विचारतात. डेस्कटॉपचा भार नगण्य असतो, मेमरी खातात ते उघडे ठेवलेले प्रोग्राम. ८ जीबीच्या मशीनवर चार टेबलं मांडा, पण प्रत्येकावर ब्राउझरचे वीस टॅब नकोत.

आणि व्हर्च्युअल डेस्कटॉप हा आडोसा आहे, कुलूप नव्हे. फाइली त्याच, लॉगिन तेच. ऑनलाइन बैठकीत पूर्ण पडदा दाखवत असताना माझं बोट एकदा बाणावर गेलं आणि एका ग्राहकाचं बिल सगळ्यांना दिसलं. तेव्हापासून मी पडद्याऐवजी फक्त हवी ती विंडो शेअर करते.