डेस्कटॉप लिनक्सवर आठ महिने: अपडेटनंतरचे तीन प्रसंग

रोजच्या कामाचा संगणक पूर्णपणे लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर नेऊन आता आठ महिने झाले. लेखन, हिशेब, ब्राउझर आणि अधूनमधून व्हिडिओ संकलन एवढाच माझा वापर आहे आणि तो विनातक्रार चालतो. त्यामुळे त्याविषयी अधिक लिहीत नाही. या काळात माझा वेळ खऱ्या अर्थाने खाल्ला तो अपडेटनंतर उद्भवलेल्या तीन बिघाडांनी.

पहिल्याने धाबे दणाणले. तिसऱ्या महिन्यात अपडेटमधून नवे कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) आले, संगणक पुन्हा सुरू केला आणि लॉगिनच्या जागी काळा पडदा व डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारा कर्सर एवढेच उरले. दोनदा बंद-चालू करून झाल्यावर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबल्या, तेव्हा टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याचा पडदा, उघडले आणि निम्मी भीती तिथेच गेली, कारण यंत्र चालू होते, अडले होते ते फक्त ग्राफिक्स. ड्रायव्हर कोणत्या कर्नलसाठी तयार आहेत ते सांगणारी ‘डीकेएमएस स्टेटस’ ही आज्ञा दिली, तर ग्राफिक्स ड्रायव्हरपुढे जुन्या कर्नलचाच क्रमांक होता, नव्याचा पत्ता नव्हता. कर्नलबाहेरचे ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा कंपाइल करावे, म्हणजे मूळ कोडपासून नव्याने बनवावे लागतात. डीकेएमएस ते आपणहून करते खरे, परंतु त्यासाठी त्याच कर्नलच्या हेडर फाइल (त्याच्याशी कसे जुळवून घ्यायचे ते सांगणाऱ्या) हजर लागतात. मी सुरुवातीला घाईने एका विशिष्ट आवृत्तीचेच हेडर बसवले होते, त्यामुळे नव्या कर्नलसोबत नवे हेडर आलेच नाहीत. चूक माझीच, हे मान्य; पण ड्रायव्हर वगळल्याची ओळ तपशिलाच्या मिटलेल्या चौकटीत ठेवून वर ‘सर्व काही अद्ययावत आहे’ असे सांगणाऱ्या अपडेटच्या खिडकीला काय म्हणावे?

उपाय सोपा निघाला. संगणक सुरू होताना दिसणाऱ्या ग्रब या यादीच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुने कर्नल निवडताच नेहमीचा डेस्कटॉप समोर आला, मग कर्नलबरोबर आपोआप बदलणारे हेडरचे पॅकेज बसवले आणि काम संपले. (सिक्युअर बूट, म्हणजे केवळ स्वाक्षरित सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय, चालू असेल, तर असा ड्रायव्हर नोंदवलेल्या किल्लीने स्वाक्षरित असावा लागतो, नसल्यास कर्नल तो चढवू देत नाही आणि लक्षणे जवळपास हीच दिसतात.)

या धड्याने मी इतका सावध झालो, की एकही जुने कर्नल काढेनासा झालो, आणि दुसरा बिघाड नेमका त्यातूनच आला. कर्नल जिथे साठतात ते माझे डिस्कवरचे ‘बूट’ विभाजन वेगळे आणि जेमतेम ५१२ एमबीचे आहे. ते काठोकाठ भरले, नव्या कर्नलला सुरू होताना लागणारी इनिटरॅमएफएस फाइल लिहिता आली नाही आणि अपडेट अर्ध्यावर लटकले. डिस्क किती भरली ते सांगणाऱ्या ‘डीएफ’ आज्ञेने १०० टक्के दाखवताच उलगडा झाला. ‘युनेम’ने चालू कर्नल कोणते ते पाहून घेतले, ते आणि त्याच्या मागचे एक ठेवून बाकीची काढली आणि अर्धवट राहिलेली पॅकेजेस पूर्ण करून घेतली.

तिसरा प्रसंग किरकोळ: आवाज स्पीकरऐवजी मॉनिटरकडे जाऊ लागला होता. सेटिंगमध्ये आउटपुट बदलले, मिटले.

शोधाशोधीत सर्वाधिक उपयोग झाला तो यंत्राच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेचा. त्याला ‘-बी -१’ हा पर्याय दिला, की मागच्या, म्हणजे फसलेल्या सत्राच्या नोंदी मिळतात. मात्र ठणठणीत यंत्रावरही तिथे लाल ओळी असतातच, त्यामुळे पहिल्याच लाल ओळीमागे धावून मी एक संध्याकाळ वाया घालवली. आता यंत्र धड असतानाच्या नोंदींशी ताडून पाहतो आणि फक्त नव्याने उगवलेल्या ओळीच विचारात घेतो.

अपडेटपूर्वी टाइमशिफ्ट या साधनाने स्नॅपशॉट, म्हणजे प्रणालीची त्या क्षणाची प्रत, घेण्याची सवय पाचव्या महिन्यात लागली. त्यात ‘होम’मधल्या वैयक्तिक फाइल मुळात धरलेल्या नसतात, म्हणून त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर वेगळी ठेवतो. तो स्नॅपशॉट परत आणण्याची वेळ अजून एकदाही आलेली नाही; आतापर्यंत जुन्या कर्नलवरच भागले आहे.