एफआरआरवर ओएसपीएफ : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या संस्थेचे पुण्यातील मुख्य कार्यालय आणि पाच शाखा यांच्यातील राउटिंग, म्हणजे डेटा कोणत्या वाटेने पाठवायचा हे ठरवण्याचे काम, गेले आठ महिने एफआरआर या प्रणालीवर, ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना माहिती देऊन सर्वांत जवळचे मार्ग काढण्याची पद्धत) वापरून चालू आहे. क्वागा या जुन्या प्रकल्पातून २०१७ साली वेगळी झालेली ही मुक्तस्रोत प्रणाली साध्या लिनक्स यंत्रावर बसते, परवान्याचा खर्च येत नाही आणि तिच्यातील आज्ञा सिस्को कंपनीच्या राउटरांवर हात बसलेल्या माणसाला ओळखीच्या वाटतात. वेग आणि स्थैर्य यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. सविस्तर लिहायचे आहे ते न दिसणाऱ्या रूटविषयी, म्हणजे राउटरच्या यादीत न येणाऱ्या मार्गांविषयी, कारण माझा सर्वाधिक वेळ त्यातच गेला आणि या प्रणालीवरचा विश्वासही त्यातूनच बसला.

सुरुवातीला दोन गोष्टी अडवतात. ओएसपीएफचा डीमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) मुळात बंद असतो. डीमन्स नावाच्या फाइलमध्ये त्याच्यापुढील ‘नो’चे ‘येस’ करून सेवा पुन्हा सुरू करावी लागते. दुसरे म्हणजे, स्टॅटिक (हाताने लिहिलेले) रूट ओएसपीएफमध्ये सोडले तरी डिफॉल्ट रूट (दुसरा कोणताही रूट जुळला नाही तर वापरायचा) त्यांच्यासोबत जात नाही. त्यासाठी ‘डिफॉल्ट-इन्फर्मेशन ओरिजिनेट’ ही वेगळी आज्ञा द्यावी लागते.

तिसऱ्या महिन्यात एका शाखेची जोडणी बदलून पीपीपीओई या ब्रॉडबँडच्या पद्धतीवर आली आणि त्या शाखेचे सगळे रूट गेले. जीआरई टनेल (दोन कार्यालयांना इंटरनेटवरून जोडणारा आभासी दुवा) चालू होता, पिंग जात होते, राउटर एकमेकांना ओळख देण्यासाठी पाठवतात ती हॅलो पॅकेटही पोहोचत होती. पण नेबरची, म्हणजे पलीकडच्या राउटरची, स्थिती ‘एक्सस्टार्ट’ आणि ‘एक्सचेंज’ या माहितीच्या देवाणघेवाणीच्या टप्प्यांपुढे सरकत नव्हती. मुख्य कार्यालयाकडील टनेलचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) १४७६ होता आणि शाखेकडील १४६८ झाला होता, कारण पीपीपीओईने ८ बाइट घेतले होते. डेटाबेसचे (राउटरकडील जाळ्याच्या माहितीचे) वर्णन करणाऱ्या पॅकेटमध्ये एमटीयू लिहिलेला असतो आणि आपल्याला पेलणार नाही इतका मोठा आकडा दिसला की राउटर ते पॅकेट नाकारतो. ‘एमटीयू-इग्नोर’ लिहून नेबर वर आणता येतो, परंतु मी तो मार्ग टाळण्याचाच सल्ला देईन. तपासणी बंद केली म्हणून मोठ्या पॅकेटची वाट रुंद होत नाही. आम्ही दोन्ही टोकांना १४६८ ठेवला आणि काही सेकंदांत नेबर ‘फुल’, म्हणजे पूर्ण जुळलेला, झाला.

याहून कठीण प्रसंग पाचव्या महिन्यातला होता, कारण त्यात नेबर दोन्ही बाजूंनी ‘फुल’ दिसत असूनही पलीकडचा एकही रूट येत नव्हता. अशा वेळी माणूस रूट अडवणारा फिल्टर शोधत बसतो, आणि मीही दोन तास तेच केले. अखेर ‘शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस राउटर’ काढून दोन्ही राउटरांच्या नोंदी समोरासमोर ठेवल्या. एका राउटरची नोंद सांगत होती की हा दुवा ‘दुसऱ्या राउटरशी, पॉइंट-टू-पॉइंट’ आहे. त्याच दुव्याबद्दल दुसऱ्याची नोंद ‘ट्रान्झिट नेटवर्क’ (अनेक राउटर जोडले जाऊ शकतात असे सामायिक जाळे) असे म्हणत होती. एका बाजूला पॉइंट-टू-पॉइंट हा नेटवर्क प्रकार लिहिलेला होता, दुसऱ्या बाजूला इथरनेटचा मूळचा ब्रॉडकास्ट तसाच राहिला होता. दोन्ही प्रकारांत हॅलो (दर किती वेळाने हॅलो पाठवायचा) १० सेकंदांचा आणि डेड (किती वेळ हॅलो आला नाही तर नेबर गेला असे मानायचे) ४० सेकंदांचा असल्यामुळे नेबर जुळला, माहितीची देवाणघेवाणही पूर्ण झाली. पण सर्वांत जवळचा मार्ग काढताना दुव्याची दोन्ही टोके एकमेकांना दुजोरा देतात का हे पाहिले जाते, आणि येथे तो दुजोरा मिळत नव्हता. दुसऱ्या टोकालाही पॉइंट-टू-पॉइंट लिहिताच सर्व रूट आले.

एफआरआरची मला सर्वाधिक भावलेली बाब हीच आहे की नेबर, डेटाबेस, ओएसपीएफने काढलेले रूट आणि प्रत्यक्ष राउटिंग टेबल या चारही पायऱ्या स्वतंत्र आज्ञांनी पाहता येतात, त्यामुळे रूट नेमका कोठे हरवला हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. एकदा पहिल्या तीन पायऱ्यांवर रूट व्यवस्थित होता, तरी वाहतूक जुन्याच वाटेने जात होती. ‘शो आयपी रूट’मध्ये निवडलेल्या रूटपुढे येणारी ‘>’ ही खूण ओएसपीएफच्या ओळीपुढे नसून एका स्टॅटिक रूटपुढे होती. स्थलांतराच्या वेळी काढायचा राहून गेलेला तो रूट होता, आणि स्टॅटिकचे अंतर (प्राधान्य ठरवणारा आकडा; लहान असेल त्याची निवड) १ तर ओएसपीएफचे ११० असल्याने निवड त्याचीच होत होती.

आता नवी शाखा जोडण्यापूर्वी आम्ही दोन्ही टोकांचे ‘शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस’ शेजारी-शेजारी ठेवून एरिया (ओएसपीएफमधील जाळ्याचा विभाग), हॅलो, डेड, नेटवर्क प्रकार आणि एमटीयू ओळीने जुळवतो. पाचवी शाखा गेल्या महिन्यात याच पद्धतीने जोडली. तिचा नेबर मिनिटाच्या आत ‘फुल’ झाला आणि सगळे रूट पहिल्याच वेळी टेबलमध्ये आले.