गावचं सांडपाणी: शोषखड्डा, तळं, कर्दळीचा वाफा की मशीन?

दोन हजार वस्तीचं गाव धरा. जलजीवनच्या नळाने माणशी रोज ५५ लिटर पाणी येतं, त्यातलं साधारण सत्तर टक्के मोरीतून गटारात जातं. म्हणजे दिवसाला ७७,००० लिटर. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी कमाल २८० रुपये ठरले. आपल्या गावाच्या वाट्याला ५ लाख ६० हजार. एवढ्यात काय बसतं ते बघू.

सगळ्यांत स्वस्त शोषखड्डा. चार बाय चार फुटांचा खड्डा, मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती तळाला मोठे दगड आणि वर लहान. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी हेच केलं आणि डासमुक्त गाव म्हणून नाव कमावलं. पण तिथला आराखडा जसाच्या तसा उचलण्याआधी हातात कुदळ घ्या. फूटभर खोल खळगा काढा, पाण्याने भरून जिरू द्या, पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. मुरमात पाणी बघता बघता उतरतं. काळ्या मातीत सकाळी ओतलेलं दुपारीही दिसतं, कारण ती ओली झाली की फुगते आणि स्वतःच्याच भेगा बुजवते. तिथले खड्डे पावसाळ्यात तुंबणारच. शिवाय हा खड्डा मोरी-नहाणीच्या पाण्याचा आहे. संडासाच्या टाकीचा पाइप त्यात सोडलात आणि शेजारी विहीर असली, तर तेच पाणी हंड्यातून घरात परत येतं. गल्लीगल्लीत फिरून हे पाइप आधी मोजा.

तळ्याला वीज लागत नाही, जागा लागते. पाणी दहा दिवस थांबवायचं तर ७७० घनमीटर. सव्वा मीटर खोलीला सहा गुंठे नुसतं पाणी, बांध धरून आठ-दहा. काम ऊन, शेवाळ आणि जिवाणू करतात. उताराच्या बाजूला गायरान असेल तर याच्याइतकं बिनघोर काही नाही. फक्त काठावरचं गवत काढायला हवं, नाहीतर डासांची सोय आपणच केली म्हणायची.

कर्दळीचा वाफा म्हणजे खडीत कर्दळ लावून त्यातून सांडपाणी गाळून घ्यायचं. तो वस्तीलगतही चालतो. पाणी दोनेक फूट जाडीच्या खडीच्या आतून वाहतं, उघड्यावर येत नाही, म्हणून वासही कमी. पण साबणाचा ओशट गाळ खडीत शिरला की सगळी खडी उपसून धुवावी लागते. वाफ्याच्या आधीची गाळपेटी कोण उपसणार, हे ठरल्याशिवाय त्याचं नाव काढू नका.

चौथा पर्याय सांडपाणी शुद्ध करणाऱ्या मशीनचा. त्यातून पाणी स्वच्छ निघतं, जागाही थोडी लागते. मात्र आतले जिवाणू हवेवर जगतात आणि ती हवा विजेवरचा ब्लोअर देतो. मी पाहिलेल्या एका गावात बिल थकलं, कनेक्शन तुटलं. आता ब्लोअरच्या खोलीत कडबा रचलाय.

मी ठरवणारा असतो तर मुरमाडावरच्या घरांना शोषखड्डे दिले असते आणि काळ्या मातीतल्या गल्ल्यांचं पाणी तळ्याकडे वळवलं असतं. निम्मी घरं खड्ड्यांवर गेली तर तळं चार-पाच गुंठ्यांत मावतं. तेवढीही जागा नसेल तर वाफा. आणि मशीनचं कोटेशन घेऊन कोणी आलंच, तर त्याने बसवलेलं मशीन तीन वर्षं चालू असलेल्या गावाची वीजबिलं मागा.