वॉशिंग्टनचे ८ आठवडे की ऑस्टिनचे १४० दिवस?

सॅन अँटोनियोत आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर गेले तीन आठवडे एक वही उघडी आहे. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे देशाची राजधानी वॉशिंग्टन, उजवीकडे टेक्सासची राजधानी ऑस्टिन. लेक कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, राज्यशास्त्र शिकते. तिचे बाबा इथल्याच वेस्ट साइडचे, मेक्सिकन-अमेरिकन, मी नगरची. तिला लोकांच्या कामात जायचंय हे पक्कं आहे. ते काम आधी कुठे शिकायचं, एवढंच ठरायचंय.

हे मराठीत लिहून काढायचं कारण असं की असाच प्रश्न आमच्या ओळखीच्या आणखी दोन मराठी घरांत आलाय. टेक्सासमधली कितीतरी मराठी मुलं 'हिस्पॅनिक-सर्व्हिंग' म्हणून नोंदलेल्या विद्यापीठांत शिकतात. ज्या कॉलेजात पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी किमान २५ टक्के हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळांचे, असतात, त्यांना हा दर्जा मिळतो. ह्यूस्टन, आर्लिंग्टन, सॅन अँटोनियो ही विद्यापीठं त्यात येतात, आणि २०२० पासून ऑस्टिनचंही. तिथे सरकारी कामाच्या इंटर्नशिप आणि फेलोशिप कार्यक्रमांची पत्रकं भिंतीवर लागलेली असतात. पालक ती वाचतात आणि गोंधळतात.

आधी एक खुलासा. इंटर्नशिप म्हणजे शिकता शिकता काही आठवड्यांची उमेदवारी. फेलोशिप बहुधा पदवीनंतरची, नऊ-दहा महिन्यांची. आपल्याकडच्या मुख्यमंत्री फेलोशिपसारखीच कल्पना, तरुण माणसाला वर्षभर सरकारच्या आत बसवायची. दोन्हींची तुलना करण्यात अर्थ नाही, वयच वेगळं. खरी निवड इंटर्नशिपमध्ये करावी लागते.

डावीकडच्या रकान्यात पहिलं नाव सीएचसीआय, म्हणजे काँग्रेशनल हिस्पॅनिक कॉकस इन्स्टिट्यूट. अमेरिकी काँग्रेसमधल्या, म्हणजे इथल्या संसदेतल्या, पाच हिस्पॅनिक सदस्यांनी १९७६ मध्ये आपला गट बांधला. त्यातल्या एडवर्ड रॉयबल वगैरे मंडळींनी १९७८ मध्ये तरुणांना तयार करायला ही वेगळी ना-नफा संस्था काढली. पदवीच्या विद्यार्थ्यांना ती काँग्रेस सदस्यांच्या कार्यालयात पाठवते. उन्हाळ्यात ८ आठवडे, शरद आणि वसंत सत्रांत १२. भत्ता, राहायची जागा आणि जाण्यायेण्याचं भाडं संस्था देते. वहीत मी या वाक्याखाली दोनदा रेघ ओढली आहे.

का ते सांगते. यांचा पुतण्या २०१६ मध्ये वॉशिंग्टनला एका कार्यालयात बिनपगारी इंटर्न म्हणून गेला. मेरीलँडमध्ये एका खोलीत चौघं, दिवसा कार्यालय, संध्याकाळी सहा ते अकरा रेस्टॉरंटमध्ये भांडी. पाचव्या आठवड्यात परत आला. मुलगा हुशार होता, त्या कार्यालयातल्या कितीतरी जणांपेक्षा जास्त. ज्यांच्या घरून भाड्याचे पैसे येत होते ते टिकले. बिनपगारी इंटर्नशिप म्हणजे नेतृत्वाच्या दारात बसवलेला टोलनाका, आणि तो नेमका कष्टकरी घरातल्या मुलांनाच अडवतो. पुढे २०१८ मध्ये काँग्रेसने इंटर्नच्या पगारासाठी प्रतिनिधिगृहाला ८८ लाख डॉलर आणि सिनेटला ५० लाख डॉलर मंजूर केले. व्हाइट हाउसने पगार द्यायला सुरुवात केली ती थेट २०२२ मध्ये. या बदलासाठी झटलेल्यांत कोलंबियात जन्मलेला कार्लोस मार्क वेरा हा तरुण पुढे होता. त्याने स्वतः बिनपगारी इंटर्नशिप केली होती, मग २०१६ मध्ये 'पे अवर इंटर्न्स' ही संस्था उभी केली. म्हणून आता थेट कार्यालयात अर्ज केला तरी पैसे मिळू शकतात. पण वॉशिंग्टनमध्ये आठ आठवड्यांपुरती खोली शोधणं हा वेगळाच डोंगर, आणि तो सीएचसीआय आपल्या अंगावर घेते.

काम काय असतं? फोन घेणं, मतदारांच्या पत्रांची नोंद करणं, समितीच्या सुनावणीला बसून टिपणं काढणं, गावाकडून आलेल्या पाहुण्यांना कॅपिटॉल दाखवणं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण फोनचं काम मी किरकोळ मानत नाही. नात्यातली एक मुलगी असंच काम करून आली. तिने सांगितलेला एक फोन अजून डोक्यात आहे. पलीकडून रिओ ग्रँडे खोऱ्यातली एक म्हातारी बोलत होती, सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी पेन्शनचा, चेक दोन महिने आला नव्हता, आणि इंग्रजी तिला धड येत नव्हतं. पोरगी स्पॅनिशमध्ये बोलायला लागली तशी पलीकडून हुंदकाच आला. मग "मीहा (पोरी), जरा थांब, चष्मा आणते" म्हणून ती कागद शोधायला गेली. अकरा मिनिटं फोन चालू. शेवटी खातेक्रमांक मिळाला, प्रकरण खासदाराच्या मतदारसंघातल्या कार्यालयाकडे गेलं. सरकार माणसापर्यंत कुठून कसं पोचतं, हे त्या अकरा मिनिटांत कळतं.

याच रकान्यात दुसरं नाव हाकूचं, म्हणजे हिस्पॅनिक असोसिएशन ऑफ कॉलेजेस अँड युनिव्हर्सिटीज. ही १९८६ मध्ये आमच्याच सॅन अँटोनियोत १८ कॉलेजांनी मिळून काढलेली संस्था. तिचा राष्ट्रीय इंटर्नशिप कार्यक्रम १९९२ पासून चालतो. इथे मुलं खासदाराकडे जात नाहीत, केंद्र सरकारच्या खात्यांत जातात, जसं कृषी खातं. उन्हाळ्यात साधारण १० आठवडे, इतर सत्रांत १५, दर आठवड्याला पगार. ज्याला राजकारणापेक्षा प्रशासनाची ओढ आहे, आकडेवारी, आरोग्य, शेती, लेखापरीक्षण यांत रमायचंय, त्याला मी डोळे झाकून हाच सांगितला असता, २०२४ पर्यंत. पण २० जानेवारी २०२५ ला केंद्राने नोकरभरती गोठवली. महिन्याभरात, १९ फेब्रुवारीला, १९७७ पासून चालत आलेली प्रेसिडेन्शियल मॅनेजमेंट फेलोज ही योजनाच एका आदेशाने बंद झाली. पदव्युत्तर मुलांना केंद्र सरकारात शिरायचा तो राजरस्ता होता. हाकूच्या इंटर्नचा पगार खात्यांच्या तिजोरीतून येतो, म्हणजे खातं आखडलं की जागा आखडतात. कार्यक्रम चांगला आहे, पण एवढ्या एकाच अर्जावर उन्हाळा टांगून ठेवू नये.

तिसरं नाव सीएचएलआय, म्हणजे काँग्रेशनल हिस्पॅनिक लीडरशिप इन्स्टिट्यूट, २००३ मधलं. नाव सीएचसीआयसारखंच वाटतं, म्हणून घोटाळा होतो. त्यामागे इतिहास आहे. फ्लोरिडाच्या इलिआना रोस-लेहटिनेन आणि लिंकन डियाझ-बलार्ट हे क्यूबन-अमेरिकन रिपब्लिकन खासदार १९९७ मध्ये मूळ गटातून बाहेर पडले, गटाचे अध्यक्ष क्यूबाला जाऊन आले त्यावरून. पुढे वेगळा गट झाला आणि त्या मंडळींनी वेगळी संस्थाही काढली. तिचे इंटर्नही काँग्रेसमध्ये काम करतात. लेकीला मी एवढंच म्हटलं, की हिस्पॅनिक म्हणजे एक मत, एक पक्ष असं नाही, हे या दोन नावांवरून शिकून घे. मायामीतलं घर आणि सॅन अँटोनियोतलं घर, दोन्ही स्पॅनिश बोलतात, पण मतं वेगळी देतात.

आता उजवा रकाना.

टेक्सासचं विधिमंडळ दर विषम वर्षी जानेवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी भरतं आणि जास्तीत जास्त १४० दिवस चालतं. पुढचं अधिवेशन जानेवारी २०२७ मध्ये. १५० प्रतिनिधी, ३१ सिनेटर, आणि सदस्याचा पगार महिना फक्त ६०० डॉलर. बहुतेकांचे घरी धंदे, वकिल्या. त्यामुळे कार्यालय चालतं ते तरुण कर्मचाऱ्यांवर, आणि एकवीस वर्षांच्या इंटर्नच्याही हातात खरं काम पडतं. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या मेक्सिकन अमेरिकन लेजिस्लेटिव्ह कॉकसच्या सदस्यांकडे मोरेनो/रँगेल कार्यक्रमातून विद्यार्थी अधिवेशनभर काम करतात, भत्ता घेऊन. पॉल मोरेनो आणि इर्मा रँगेल या दोन आमदारांच्या नावाने तो चालतो. रँगेलबाई १९७६ मध्ये निवडून आल्या, टेक्सासच्या प्रतिनिधिगृहातल्या पहिल्या मेक्सिकन-अमेरिकन स्त्री.

वॉशिंग्टनमध्ये आठ आठवड्यांत एखादं विधेयक जन्मापासून शेवटापर्यंत बघायला मिळणं अवघड. ऑस्टिनमध्ये १४० दिवसांत जन्म, सुनावणी, सौदा, मरण, सगळं समोर घडतं. साठाव्या दिवशी साधारण विधेयकं मांडायची मुदत संपते. मग समित्यांच्या सुनावण्या रात्री उशिरापर्यंत चालतात आणि मे महिन्यात एकामागून एक मुदती कोसळतात. आपण टिपण लिहिलेलं विधेयक मध्यरात्रीच्या ठोक्याला यादीत न आल्यामुळे मेलं, हा धडा वर्गात कोण देणार?

पण किंमत आहे. जानेवारी ते मेअखेर म्हणजे अख्खं एक सत्र. कॉलेज या कामाचे किती क्रेडिट देतं हे आधी लेखी घ्यायलाच हवं, नाहीतर पदवी सहा महिने लांबते आणि शिष्यवृत्तीची अट मोडायची भीती. भत्त्यात ऑस्टिनचं भाडं भागेल असं धरून चालू नये. सॅन अँटोनियोहून ८० मैल, पण पस्तीस नंबरच्या हायवेवर रोज जा-ये हा विचारही करू नका. तिच्या आत्याची मुलगी ऑस्टिनला राहते, म्हणून आमचं जमू शकतं. ज्यांचं तिथे कोणी नाही त्यांनी आधी आकडे मांडावेत, मग स्वप्नं.

सासूबाईंचं मत ठाम आहे: वॉशिंग्टन. वेस्ट साइडच्या घरांत हेन्री सिस्नेरोस आणि हुलियान कास्त्रो ही नावं आपल्याकडे यशवंतराव चव्हाणांचं नाव घेतात तशी घेतली जातात. सिस्नेरोस १९७१ मध्ये व्हाइट हाउस फेलो होते आणि १९८१ मध्ये इथले महापौर झाले, १८४२ नंतरचे पहिले मेक्सिकन-अमेरिकन. कास्त्रो १९९४ मध्ये विद्यार्थी असताना व्हाइट हाउसमध्ये इंटर्न होता, २००९ मध्ये महापौर. दोघंही पुढे केंद्रात गृहनिर्माण मंत्री झाले. सासूबाई म्हणतात, "आधी मोठं घर बघून यावं, मग आपलं बांधावं."

माझे सासरे मात्र विली वेलास्केसची आठवण काढतात. त्याने १९७४ मध्ये याच शहरात मतदार नोंदणीचा प्रकल्प काढला, "सू वोतो एस सू वोस", तुझं मत हाच तुझा आवाज, म्हणत दारोदार माणसं पाठवली. १९८८ मध्ये तो गेला, पण आज टेक्सासात जे हिस्पॅनिक आमदार बसतात त्यांच्या खुर्चीखाली ते काम आहे. सासऱ्यांचं म्हणणं, आपल्या लोकांची गाऱ्हाणी ऑस्टिनमध्ये मिटतात. शाळेचा निधी, मतदारसंघाच्या रेषा, सगळं तिथलं.

माझा कौल असा. मूल पहिल्यांदाच घराबाहेर पडणार असेल, हाताशी पैसा नसेल आणि दिल्ली-मुंबईसारखी सत्ता जवळून बघायची असेल, तर सीएचसीआयचा उन्हाळा. आठ आठवडे म्हणजे सत्र बुडत नाही, भाडं लागत नाही, आणि देशभरातली आपल्यासारखीच मुलं भेटतात, ही ओळख जन्माची पुंजी. कायदा कसा बनतो हे खरंच शिकायचं असेल, राहायला जागा असेल आणि कॉलेज क्रेडिट देत असेल, तर ऑस्टिन. दोन्ही जमत असेल तर आधी वॉशिंग्टन, मग ऑस्टिन. उलट क्रमाने गेलं तर वॉशिंग्टनचं फोन घेणं फिकं वाटेल, आणि ते फिकं वाटू नये असं मला मनापासून वाटतं.

नागरिकत्वाची बाब वेगळी. केंद्राच्या खात्यांत बहुधा अमेरिकी नागरिकच लागतो. सीएचसीआयमध्ये ग्रीनकार्डधारक आणि लहानपणी कागदपत्रांविना आलेली, डाका परवाना असलेली मुलंही बसतात. भारतातून विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांनी मात्र यात वेळ घालवू नये, त्यांनी आपल्या विद्यापीठाच्या गावातल्या नगरपालिकेत चौकशी करावी.

पदवी झालेल्यांसाठी थोडक्यात: सीएचसीआयची नऊ महिन्यांची सार्वजनिक धोरण फेलोशिप, किंवा कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोची कॅपिटल फेलोज. त्यातली विधानसभेची फेलोशिप १९५७ पासूनची आहे आणि कुठल्याही वंशाच्या पदवीधराला खुली. जवळजवळ वर्षभराचं पगारी काम. मला ती फार आवडते, पण ती चर्चा लेकीची पदवी हातात आल्यावर.

काल रात्री तिने वहीत डावीकडे एक तारा काढला आणि उजवीकडे '२०२७' लिहिलं. आज ती दोन प्राध्यापकांकडे शिफारसपत्र मागायला गेली आहे. जोडीला एक पान दिलंय, स्वतः केलेल्या कामाचं: चर्चच्या तळघरात करअर्ज भरून दिले ते शनिवार, मतदार नोंदणीचं टेबल, आजीसोबत दवाखान्यात केलेलं दुभाषाचं काम. हे शेवटचं तिला लिहायचंच नव्हतं, "ते काय, घरचंच," म्हणाली. मी ते सर्वात वर घ्यायला लावलं.