एक्झॉस्ट एल्बो घरचा बनवला: अकरा महिने, 340 तासांनंतर

गेल्या आठवड्यात बोटीच्या इंजिनचा एक्झॉस्ट एल्बो, म्हणजे धूर बाहेर नेणारा वाकडा पाइप, खोलला. मार्चमध्ये बसवला होता, पाऊस संपल्यावर पुन्हा चालू केला, आणि आता मीटरवर 340 तास झालेत. आत बोट घालून बघितलं, टॉर्च मारून बघितलं, मग सगळं साफ करून परत बसवलं. अजून वर्षभर तरी धकेल असं वाटतंय. पण याआधीचा एल्बो पाच महिन्यांत गेला होता आणि जाताना इंजिनही घेऊन चालला होता. म्हणून दोन्हींबद्दल लिहितोय.

बोट 28 फुटी, फायबरची. तीन सिलिंडरचं डिझेल इनबोर्ड, बाहेरून आलेलं, सेकंडहँड. बहुतेक फेऱ्या गळाने मासे पकडणाऱ्या हौशी लोकांच्या, भाऊच्या धक्क्याच्या पट्ट्यातून बाहेर, उरण-मांडव्याच्या बाजूला. मूळ कंपनीचा एल्बो बिडाचा होता आणि तो फुटला नाही, आतून बुजला. काजळी आणि गंजाचे पोपडे यांनी भोक निम्मं केलं होतं. काळा धूर यायला लागला, इंजिन पूर्ण आरपीएमला चढेना, आणि आम्ही महिनाभर डिझेल फिल्टर बदलत बसलो. मग एल्बो उघडला तर आत करंगळी जेमतेम जात होती. नवीन मागवायचा तर किंमत आणि थांबणं दोन्ही परवडणारं नव्हतं. ‘बनवून घेऊ की, पाइपच तर आहे!’ हे वाक्य माझंच.

तो नुसता पाइप नाही, हे कळायला पाच महिने गेले.

एल्बोच्या एका टोकाला इंजिनचा धूर येतो, लोडवर चारशे-पाचशे अंशांचा. दुसऱ्या टोकाला रबरी होज असतो, जो एवढ्या उष्णतेत मिनिटभर टिकणार नाही. मधे कूलरमधून आलेलं समुद्राचं पाणी धुरात सोडतात आणि दोन्ही मिळून बाहेर पडतात. म्हणजे हातभर लांबीत एक भाग कोरडा आणि भयंकर गरम, एक भाग ओला आणि कोमट, आणि मधला चार बोटांचा पट्टा गरम, ओला, खारा, शिवाय डिझेलमधल्या गंधकामुळे किंचित आंबट. मरण या मधल्या पट्ट्यातच लिहिलेलं असतं. बीएस-सहा डिझेल आल्यापासून, म्हणजे एप्रिल 2020 पासून, गंधक 10 पीपीएमवर आलंय, पूर्वी 50 होतं. त्यामुळे आम्लाचा त्रास कमी झाला असेल, पण समुद्राचं मीठ कुठे कमी झालंय?

पहिला एल्बो मी जुन्याची हुबेहूब नक्कल करून घेतला: पाइपात पाइप, मधल्या पोकळीत पाणी. दिसायला झकास, बाहेरून हात लावता येतो, कापड गुंडाळायची भानगड नाही. मेकॅनिकनेही मान डोलावली. बिलावर ‘एसएस 316’, म्हणजे 316 ग्रेडचं स्टेनलेस स्टील, असं लिहिलेलं होतं.

ऑक्टोबरात बसवला. फेब्रुवारीत एका शनिवारी सकाळी, माणसं बोटीत बसलेली, मी स्टार्टर मारला. ‘टक्’ आणि बंद. परत ‘टक्’. मला वाटलं बॅटरी. आमचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, म्हणाला, ‘दादा, मारू नका आता, आत पाणी आहे.’ पाणी दाबलं जात नाही, त्याचं ऐकलं म्हणून पिस्टनचे कनेक्टिंग रॉड वाचले. इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवलं, तेव्हा एका सिलिंडरमधून चहाच्या रंगाचं पाणी उडालं. माणसांचे पैसे परत केले. तेल तीन वेळा बदललं, तरी दोन दिवस मला झोप नव्हती.

कारण साधं होतं. आतल्या पाइपाला सुईच्या टोकाएवढी भोकं पडली होती. इंजिन चालू असताना धुराच्या जोरामुळे काही कळत नव्हतं, बंद केलं की पोकळीतलं पाणी रात्रभर ठिबकत मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या भागात, उतरत होतं. बाहेरून एक थेंब नाही. पोकळीवाल्या एल्बोचा हा सगळ्यात वाईट गुण: तो आत गळतो आणि सांगत नाही.

एल्बो उभा चिरून घेतला. भोकं वेल्डच्या बाजूने, तीन-चार मिलीमीटर सोडून, एका ओळीत होती. वेल्ड करताना जो पट्टा साधारण साडेचारशे ते साडेआठशे अंशांत तापतो, तिथे स्टीलमधलं क्रोमियम कार्बनला जाऊन चिकटतं आणि आजूबाजूचं स्टील उघडं पडतं. नावात ‘एल’ असलेलं 316एल घ्यायचं ते एवढ्यासाठी, त्यात कार्बन 0.03 टक्क्यांच्या आत असतो. आमचा प्रश्न त्याहून आधीचा निघाला. ओळखीच्या एका कारखान्यात धातूत काय काय आहे ते सांगणारी पीएमआय गन होती, तिने दाखवलं: क्रोमियम 18, निकेल 8, मॉलिब्डेनम जवळपास नाहीच. म्हणजे 304. 316 मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम लागतं आणि खाऱ्या पाण्यात सगळा फरक त्याचाच. पाइपाची जाडी 16 गेज, दीड मिलीमीटरच्या किंचित वर. लोहचुंबक लावून बघितलं होतं म्हणा! चुंबक 304 लाही चिकटत नाही आणि 316 लाही नाही, त्याने फक्त आपलं समाधान होतं. आणखी एक, त्या गनला कार्बन दिसत नाही. 316 आणि 316एल यांतला फरक ती सांगू शकत नाही, तिथे हीट नंबर (स्टीलच्या घाणीचा क्रमांक) असलेलं टेस्ट सर्टिफिकेटच मागावं लागतं.

ज्याने बनवून दिला त्याच्याशी भांडलो. उपयोग शून्य, तो विषय सोडा. खरं सांगायचं तर अस्सल 316 असतं तरी त्या डिझाइनमध्ये फार तर दुप्पट चाललं असतं. एका बाजूला जळता धूर, दुसऱ्या बाजूला मिठाचं पाणी, मधे पातळ भिंत. साठ अंशांच्या वर, ताण असलेल्या जागी, मिठामुळे हे स्टील तडकू लागतं. ग्रेड सुधारून ती खोड जात नाही.

दुसऱ्या वेळी घाई केली नाही. मुंबईच्या धातूबाजारात, गुलालवाडी, किका स्ट्रीट, मग दारूखाना, असे तीन शनिवार घालवले. सगळ्यांनी आपापलं सुचवलं. ओतकामवाला म्हणाला गनमेटल (एक प्रकारचं कांसं) घाला, पिढ्यान्‌पिढ्या जाईल. पाण्याच्या बाजूला जाईलही, पण कोरड्या गरम भागात मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही. पितळ तर नावही काढू नका, समुद्राच्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि बिस्किटासारखं तुटतं. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या, पाइपाचं कोणी म्हणालं की हसून पुढे जावं. जस्त 420 अंशांच्या आसपास वितळतं. एकाने डुप्लेक्स 2205 या दुसऱ्या स्टेनलेसचा तुकडा दाखवला. पाण्यात 316 पेक्षा कितीतरी सरस, पण 475 अंशांच्या आसपास ते ठिसूळ होत जातं आणि माझा कोरडा भाग नेमका तिथे जातो. या कामासाठी बनलेला धातू म्हणाल तर इन्कोनेल 625, निकेलचा मिश्रधातू. भाव ऐकला, चहा घेतला, निघालो.

माझे मामा वर्सोव्याचे, जुने नाखवा. त्यांच्या ट्रॉलरला उभा कोरडा पाइप आहे, पाणी धुरात सोडायची पद्धतच नाही. त्यांना एल्बोचा चिरलेला तुकडा दाखवला. उलटसुलट करून म्हणाले, ‘अरे भाच्या, गरम ते गरम ठेव, ओलं ते ओलं ठेव. दोघांचं लग्न लावायला तुला कोणी सांगितलं?’ चेष्टाच होती ती, पण शेवटी मी तेच केलं.

नवीन एल्बो दोन तुकड्यांत आहे. मॅनिफोल्डवरून वर जाणारा कोरडा भाग साध्या लोखंडाचा: एमएस, दोन इंची, शेड्यूल 80 (शेड्यूल म्हणजे पाइपाच्या जाडीचा वर्ग), भिंत साडेपाच मिलीमीटर. मग फ्लँज, म्हणजे बोल्टने जोडायची चकती. त्यानंतर खाली वळणारा आणि पाणी घेणारा तुकडा 316एल, शेड्यूल 40, भिंत 3.9 मिलीमीटर. पोकळी नाही. पाणी वळणाच्या माथ्यावरून पुढे, उतारावर सोडलंय, म्हणजे एक थेंबही इंजिनकडे परत येणार नाही. पाणी सोडायची जागा आमच्या बोटीत समुद्राच्या पातळीपेक्षा जेमतेम वर येते, म्हणून पाण्याच्या नळीला हवेचा व्हॉल्व्ह लावून उंच वळसा दिलाय. तो नसेल तर बंद इंजिनमध्ये पाणी आपोआप ओढलं जातं आणि पुन्हा ‘टक्’. यात फेकायचा तुकडा एकच, पाण्याचा. तो गेला तर बाहेर गळेल आणि मला दिसेल.

वेल्डिंग आर्गनने, 316एलचीच फिलर तार, आणि आतूनही आर्गन सोडून. हे शेवटचं सांगावं लागतं, मागावं लागतं, समोर उभं राहून करून घ्यावं लागतं, नाहीतर आतली बाजू जळून रवाळ होते आणि मीठ तिथेच घर करतं. नंतर वेल्डचा जळका थर काढणारी पिकलिंग पेस्ट. फ्लँज बारा मिलीमीटर जाड, आणि वेल्ड झाल्यावर लेथवर फेस, म्हणजे तोंड सपाट, करून घेतलेले. आधी केले तर वेल्डने ओढले जातात. बोल्ट जाम होऊ नयेत म्हणून निकेलवालं अँटी-सीझ. खर्च कंपनीच्या एल्बोच्या निम्म्याच्या आत बसला, अर्थात पहिल्याचे बुडालेले पैसे आणि तेल धरलं नाही तर.

आता अकरा महिन्यांचं. पाण्याच्या तुकड्यात आतून काजळीचा पातळ थर, बोटाने निघतो. वेल्डपाशी भिंगातून शोधलं, खड्डे नाहीत. बाहेरून वेल्डवर चहाचे डाग पडावेत तसा तपकिरी रंग आलाय, मुंबईच्या हवेत तो येणारच, पुसला की जातो. लोखंडी भागाने मात्र थोडं निराश केलं. त्यावर गुंडाळलेली फायबर ग्लासची पट्टी उकलली तर खाली सगळीकडे लाल गंज, कारण पावसाळ्यात दोन महिने बोट वर होती आणि पट्टीने दमट हवा धरून ठेवली. आतूनही पोपडे आहेत. भिंत जाड आहे म्हणून घाबरलो नाही, ब्रशने साफ केलं. पण पुढच्या वेळी पावसाळ्यात पट्टी काढूनच ठेवणार.

एक चूक माझी. पाणी चांगलं मिसळावं म्हणून सुरुवातीला आत चार मिलीमीटरच्या भोकांची चाळणी बसवली होती. बंदरातलं पाणी कसलं असतं ते आपल्याला माहीत आहे. शिंपल्यांचे तुकडे, गाळ, प्लॅस्टिकचे धागे. तिसऱ्या आठवड्यात होज इतका तापला की हात ठेववेना. भोकं आठची केली, तेव्हापासून शांतता. होजचं तापमान आता 45 च्या आसपास असतं. इन्फ्रारेड गनने मोजता असाल तर चकचकीत एसएसवर ती कमीच दाखवते. मी एक ठिपका उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा मारून ठेवलाय, तिथेच मोजतो.

दुसरी सवय गोड्या पाण्याची. फेरी संपली की सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) बंद, स्ट्रेनरचं (पाण्याच्या गाळणीचं) झाकण उघडं, आणि इंजिन चालू असतानाच वीस लिटरचा कॅन त्यात ओततो, पंप आपला आपण ओढतो. नळाचा पाइप थेट जोडून बंद इंजिनवर प्रेशरने पाणी सोडायचं नाही, ते मागे भरत भरत सिलिंडरपर्यंत जातं. तांडेलला सुरुवातीला हे सोवळं वाटायचं. आता तोच कॅन भरून ठेवतो.

एक गोष्ट राहिली. दोन तुकड्यांच्या मधल्या फ्लँजवर काजळीची बारीक काळी रेघ दिसतेय. साधं लोखंड आणि एसएस गरम झाल्यावर सारखं फुगत नाहीत, एसएस साधारण दीडपट फुगतं, आणि बिचारी गॅसकेट मधे घासते. सध्या बोल्ट गरम असताना पुन्हा आवळलेत. जूनमध्ये बोट वर घेतली की दोन्ही फेस परत लेथवर, आणि ग्राफाइटची गॅसकेट टाकून बघणार आहे.