आधी १,८०० रुपये हातोहात, मग सव्वापाच लाखांचा चेक

लॅपटॉप-प्रिंटर दुरुस्ती, नेटवर्किंग, छोट्या ऑफिसांची एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) अशी कामं एकट्याने किंवा एक-दोन मुलं हाताशी घेऊन करणाऱ्या मुंबईतल्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. २०२४ च्या गणपतीत मला जसं फसवलं, तसंच आणखी कुणाला तरी फसवलं जाणार, कारण अशा फसवणाऱ्यांची पद्धत ठरलेली आहे आणि ज्याने हे केलं तो अजून मोकळा आहे.

सुरुवात एका साध्या कॉलने झाली. अंधेरी पूर्वेला नवीन ऑफिस सुरू केलंय, प्रिंटर नेटवर्कवर येत नाही, या का? माणूस मराठी, बोलायला गोड. "दादा, काम आपल्याच माणसाला द्यायचं असं ठरवलंय" हे त्याचं पहिल्या भेटीतलं वाक्य. तो स्वतःला मॅनेजर म्हणवायचा, म्हणून इथेही मॅनेजरच म्हणतो. ऑफिस म्हणजे एका बिझनेस सेंटरमधली काचेची केबिन, आठ खुर्च्या, एक कॉन्फरन्स टेबल, दारावर फर्मच्या नावाचा स्टिकर. प्रिंटर लावला, राउटरची सेटिंग करून दिली, १,८०० रुपये झाले. मी लिफ्टपर्यंत पोहोचलो नव्हतो तर यूपीआयने पैसे जमा झाल्याचा मेसेज आला.

आपल्या धंद्यात असं गिऱ्हाईक किती मिळतं, हे वाचणाऱ्यांना माहीत आहे. दोन हजारांच्या बिलासाठी महिनाभर फोन करावे लागतात, अकाउंट्सवाले सुट्टीवर असतात, साहेबांची सही राहिलेली असते. इथे टोनर पोहोचवला की पैसे, जुने लॅपटॉप फॉरमॅट केले की पैसे. जीएसटी लावून बिल द्या, असं तोच आग्रहाने सांगायचा. मग एएमसीचं पत्र लेटरहेडवर आलं, पहिल्या तिमाहीचा चेक आला आणि तो वठलाही. याच छोट्या व्यवहारांवर तो पुढच्या मोठ्या व्यवहारासाठी विश्वास विकत घेत होता. त्यासाठी त्याने जेमतेम पंधरा-वीस हजार रुपये घातले असतील.

ऑगस्टअखेर त्याने सांगितलं, गणपतीनंतर नवीन स्टाफ जॉइन होतोय, बारा लॅपटॉप हवेत. आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. मी कोटेशन दिलं: ४६,००० अधिक १८ टक्के जीएसटी, बारांचे ६,५१,३६०. त्याने भाव थोडा ताणला, पण फार नाही. १,३०,००० रुपये ॲडव्हान्स एनईएफटीने आला, खराखुरा, माझ्या खात्यात.

त्याआधी मी जे तपासायचं ते तपासलं होतं. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकला, ॲक्टिव्ह होता, फर्मचं नाव जुळत होतं. प्रोप्रायटरचं नाव वेगळं दिसलं तेव्हा विचारलं, तर म्हणाला, "मेव्हण्याच्या नावावर आहे, धंदा मी बघतो." मुंबईत अर्ध्या फर्म बायकोच्या, आईच्या, मेव्हण्याच्या नावावर असतात, यात वावगं काही नव्हतं. सगळ्या फसवणुकीची गोम मात्र याच वाक्यात होती, ती पुढे सांगतो.

माल मी लॅमिंग्टन रोडच्या नेहमीच्या डीलरकडून पंधरा दिवसांच्या उधारीवर उचलला. माझी खरेदी ४४,५००, म्हणजे नगामागे १,५०० सुटणार, एकूण १८,०००. हार्डवेअरमध्ये मार्जिन एवढंच राहिलंय. ऑनलाइन भावापुढे त्यापेक्षा जास्त कुणी देत नाही, पार्टी टिकावी आणि पुढे सर्व्हिस मिळावी म्हणून आपण हे करतो. सव्वापाच लाखांची जोखीम अठरा हजारांसाठी, हा हिशोब प्रत्येकाने एकदा कागदावर मांडून बघावा.

चार लॅपटॉप त्याने आधी मागितले, सेटअप करून. अकाउंट्सची मुलं आधी येतायत म्हणाला. त्या चारांवर मी विंडोज अपडेट केलं, एमएस ऑफिस टाकलं, एएमसीसाठी आमचं रिमोट सपोर्टचं सॉफ्टवेअर टाकलं आणि मशिनना अकाउंट्स-०१ ते अकाउंट्स-०४ अशी नावं दिली. उरलेले आठ सील पॅक हवे होते. "सोमवारी जॉइनिंग झालं की तुमच्याकडूनच सेटअप करून घेऊ." आणि चारांचे रिकामे बॉक्स मी आवरायला घेतले तेव्हा त्याने ते थांबवले. "बॉक्स राहू द्या दादा, ऑडिटला लागतात." त्याने स्वतः त्या बॉक्समध्ये थर्माकोल, चार्जरची पिशवी, वॉरंटीचं कार्ड नीट परत भरून ठेवलं. एखादा मॅनेजर इतक्या निगुतीने रिकामे बॉक्स जपतो, हे मी आजवर दुसरीकडे कुठेही पाहिलेलं नाही. बॉक्ससकट लॅपटॉपला बाजारात दोन-तीन हजार जास्त येतात.

६ सप्टेंबर, शुक्रवार. हरतालिका, दुसऱ्या दिवशी गणपती. दुपारी त्याने माझ्याच बँकेच्या अंधेरी शाखेत ५,२१,३६० चा चेक माझ्या खात्यात भरला आणि स्लिपचा फोटो पाठवला. पाठोपाठ बँकेचा मेसेज आला: रक्कम जमा, वसुलीच्या अधीन (म्हणजे चेक वठला तरच). आपल्या लाइनीत तीस-तीस दिवसांच्या क्रेडिटवर माल जातो, त्यामानाने चेक आधी भरणारी पार्टी म्हणजे चांगलीच. संध्याकाळी आठही बॉक्स पोहोचवले. चलनावर तिथल्या असिस्टंट मुलाने सही-शिक्का दिला. शनिवारी चतुर्थीची सुट्टी, मग रविवार. सोमवारी क्लिअरिंगमध्ये चेक परत आला, अपुरी शिल्लक. फोन बंद. केबिन रिकामी, दारावर स्टिकरचा चिकट डाग. बिझनेस सेंटरवाल्यांनी सांगितलं, शनिवारी सकाळी टेम्पो आला होता. महिन्याच्या भाड्याने घेतलेली जागा, डिपॉझिट किरकोळ, नोटिशीची गरज नाही.

सणाचा दिवस मुद्दाम निवडला होता, याबद्दल मला शंका नाही. बँक बंद, आपण घरच्या गणपतीत, आणि मुंबईचे पोलीस अनंत चतुर्दशीपर्यंत बंदोबस्तात.

पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर मिळालं की हा सिव्हिल मॅटर आहे, चेक बाउन्सची केस करा. हे उत्तर तुम्हालाही मिळेल, म्हणून सांगतो की त्यातून वाट कशी निघाली. उधारी बुडणं वेगळं आणि सुरुवातीपासून फसवण्याचा इरादा असणं वेगळं. दुसरी गोष्ट फौजदारी आहे, पण इरादा दाखवावा लागतो. बिझनेस सेंटरच्या रिसेप्शनवर मला एक एसीवाला भेटला, त्याचे चार स्प्लिट एसी गेले होते. त्याच्याकडून एका फर्निचरवाल्याचा पत्ता लागला. तिघांचीही गोष्ट एकच: आधी छोटी बिलं वेळेवर, मग मोठी ऑर्डर, त्याच शुक्रवारी चेक, त्याच खात्यावरचे. तिघं मिळून कागद घेऊन गेलो तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. लाखावरचा माल असल्यामुळे मी ई-वे बिल (माल नेण्यासाठी जीएसटीची ऑनलाइन नोंद) काढलं होतं, बिलावर बाराही सिरियल नंबर छापले होते. त्याचा फार उपयोग झाला. १९३० वर मी लगेच फोन केला होता, पण ती हेल्पलाइन ऑनलाइन गेलेले पैसे वाटेत अडवण्यासाठी आहे. इथे माझ्या खात्यातून काहीच गेलं नव्हतं, गेला होता माल.

आता मेव्हण्याची गोष्ट. चेकवर सही त्याचीच, खातं त्याचंच. पोलिसांनी त्याला विरारला गाठलं तेव्हा कळलं की तो कुणाचा मेव्हणा नाही. कर्ज करून देतो सांगून कुणीतरी त्याचं आधार, पॅन घेतलं, फर्म उघडली, खातं उघडलं आणि कोऱ्या चेकवर सह्या घेतल्या. कलम १३८ ची, म्हणजे चेक बाउन्सची, केस मी केली, कारण मुदती कडक आहेत: चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, त्यानंतर महिन्याभरात तक्रार. पण ती केस चालते चेकवर सही करणाऱ्यावर. ज्याच्याशी मी महिनोन्‌महिने बोललो, चहा प्यायलो, तो मॅनेजर फर्मच्या एकाही कागदावर नाही. चलनावर सही करणारा असिस्टंटही जाहिरात वाचून कामाला लागलेला साधा पोरगा निघाला. त्याचाही पगार बुडाला. म्हणून जीएसटी पोर्टलवर ज्याचं कायदेशीर नाव दिसतं, तो माणूस प्रत्यक्ष समोर बसून ऑर्डरवर सही करत नसेल, तर मोठा माल देऊ नका. नंबर ॲक्टिव्ह आहे याचा अर्थ फक्त फर्म नोंदलेली आहे, एवढाच.

बऱ्याच जणांनी सल्ला दिला की उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणी आहे ना, मग थकलेल्या बिलांच्या तक्रारीसाठी असलेल्या समाधान पोर्टलवर टाक, ४५ दिवसांत पैसे देणं बंधनकारक असतं. हा गैरसमज आपल्या लोकांत खूप आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यातलं ते संरक्षण उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांना आहे. व्यापाराला २०२१ मध्ये उद्यम नोंदणी परत मिळाली ती फक्त प्राधान्य क्षेत्राच्या कर्जापुरती. आपण एएमसी करतो ती सेवा, लॅपटॉप विकतो तो व्यापार. एएमसीच्या थकबाकीला तुम्ही त्या कायद्याखाली दाद मागू शकता, बॉक्स विकलेल्या बिलाला ते दार बंद असतं.

आणि जीएसटी. बिल काढलं म्हणजे विक्री झाली. त्यावरचे ९९,३६० रुपये माझ्या रिटर्नमध्ये दाखवून भरावेच लागले, पैसे आले नाहीत तरी. बुडीत रकमेवरचा कर परत मिळण्याची सोय आपल्या जीएसटी कायद्यात नाही. क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) माल परत आला किंवा बिलात चूक असली तर निघते, बुडाला म्हणून निघत नाही. छोट्या धंदेवाल्यावर हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. चोराच्या फर्मला त्याच बिलावर कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, दिसतं आणि लुटला गेलेला कर भरतो.

डीलरचे पैसे मी पंधराव्या दिवशी दिले, मुदत ठेव मोडून. लॅमिंग्टन रोडवर शब्द गेला की माणूस संपला, आणि त्याचा यात काही दोष नव्हता.

दिवाळीनंतर एका सकाळी रिमोट सपोर्टच्या यादीत अकाउंट्स-०३ समोर हिरवा ठिपका दिसला. मशिन कुठेतरी चालू झालं होतं, फॉरमॅट न करता. एका क्लिकवर समोरची स्क्रीन दिसली असती. मी ती उघडली नाही, आणि तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्हीही उघडू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या मशिनमध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे आणि आपलीच केस त्याने कच्ची होते. तारीख, वेळ आणि आयपी पत्ता दिसेल असा स्क्रीनशॉट घेतला आणि तपास अधिकाऱ्यांना नेऊन दिला. इंटरनेट कंपनीकडून त्यांनी पत्ता काढला: नालासोपाऱ्यातले एक शिकवणीचे सर. ऑफिस बंद पडलं म्हणून स्वस्तात देतोय, असं सांगून कुणीतरी दोन लॅपटॉप त्यांना रोखीत विकले होते. बॉक्ससकट, बिलाशिवाय. सरांनी मला हात जोडले, मी काय बोलणार? ते दोन लॅपटॉप मुद्देमाल म्हणून जमा आहेत, ताबा मिळावा म्हणून मी कोर्टात अर्ज केलाय. सरांचे पैसे गेले ते गेलेच.

आता मी सील पॅक माल उपलब्ध शिल्लक वाढल्याशिवाय दुकानातून हलवत नाही. एकूण शिल्लक नाही, कारण तीत न वठलेला चेकही धरलेला असू शकतो; उपलब्ध शिल्लक. बँकेच्या ॲपमध्ये दोन्ही वेगळ्या दिसतात. स्लिपचा फोटो, मेसेज, यूटीआर (बँक व्यवहाराच्या) नंबरचा स्क्रीनशॉट यातलं काहीच पैसे नसतं. ज्याला खरंच लॅपटॉप हवेत तो आरटीजीएस करतो, अर्ध्या तासात पैसे येतात, शनिवार-रविवारही चालू असतं. जुन्या, मुरलेल्या गिऱ्हाइकांना हे सांगताना अवघड जातं. दोघं तुटलेही. तरी सांगतो.

बाकीचे दहा लॅपटॉप कुठेतरी वापरात असणार, आणि ते कधीतरी आपल्यापैकीच कुणाच्या टेबलावर बॅटरी बदलायला किंवा विकायला येणार. कुणी बॉक्ससकट, जवळजवळ कोरा लॅपटॉप बिलाशिवाय घेऊन आलं तर घेऊ नका, पण खालच्या बाजूचा सिरियल नंबर आणि आणणाऱ्याचा फोन नंबर टिपून ठेवा. आणि चोरीचा वाटला तर जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.